मधल्या भागात गाडी क्रॉसिंगला का थांबते?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा लातूरहून आमच्याकडे परभणीला आला. ‘नीट’च्या क्लासमधून सुटलेलं पोरगं म्हणजे दावं तुटलेलं वासरू. चार दिवस त्याच्यासमोर पुस्तकाचं नाव काढायचं नाही, असं बहिणीने फोनवर बजावलं होतं. त्यामुळे जेवणं उरकली की मामा-भाचे टीव्हीसमोर. अंतराळयानं, परग्रह, काळाच्या उलट्यासुलट्या उड्या असलं काहीतरी लावायचं. पहिला भाग त्याने पापणी न लवता पाहिला, दुसराही. तिसऱ्या भागात मात्र त्याचा अंगठा रिमोटवर चाळवायला लागला. दहा सेकंद पुढं. आणखी दहा सेकंद पुढं. पडद्यावरचा माणूस खुर्चीतून उठायच्या आत दारात पोचलेला.

“अरे बघू दे की नीट.”

“मामा, काहीच होईना ह्यात. जे व्हायचं ते शेवटच्या भागातच होणार.”

ही तक्रार एकट्या भाच्याची नाही. विज्ञानकथेच्या मालिका बघणाऱ्या कुणालाही विचारा: सुरुवात झकास, शेवट दणक्यात, आणि मधे कुठंतरी गोष्ट गाळात रुतलेली. तीन भागांची गोष्ट असेल तर दुसरा भाग रुततो, आठ-दहा भागांची असेल तर चौथा ते सातवा. लेखक आळशी होता म्हणून असं झालं, असं म्हणून विषय संपवता येतो. पण इतक्या वेगवेगळ्या देशांतले, इतके हुशार लेखक नेमके त्याच जागी आळशी कसे होतात?

आधी दोन शब्द

पहिला शब्द आर्क. अनेक भागांतून चालणारी एकच गोष्ट, म्हणजे एक लांब कमान. एका टोकाला प्रश्न पडतो, दुसऱ्या टोकाला तो सुटतो, आणि मधल्या भागांनी ती कमान तोलून धरायची.

दुसरा शब्द पेसिंग. याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, लय. पुढे तोच वापरतो. लय म्हणजे वेग नव्हे, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. पखवाज वाजवणारा पहिल्यापासून द्रुत लयीत सुटला, तर दहा मिनिटांत त्याचे हात भरून येतील आणि आपले कान. गोष्ट कुठे पळवायची, कुठे चालवायची आणि कुठे दोन घटका बसवायची, हा हिशोब म्हणजे लय.

नारदीय कीर्तन आठवा. पूर्वरंगात बुवा एक अभंग घेऊन त्याचं निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. दोन्हींच्या मधे बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा, तोवर टाळकऱ्यांनी भजन धरायचं. तेवढा वेळ गोष्ट शब्दशः थांबलेली असते. तरी कुणी चपला शोधायला उठत नाही. पूर्वरंगातला प्रश्न डोक्यात घोळत असतो आणि आख्यानात त्याचा पडताळा येणार याची खात्री असते. शिवाय हे मधलं भजन आटोपशीर असतं, ही गोष्टही छोटी नाही.

एकेरी रुळावरची गाडी

मला स्वतःला हा प्रकार रेल्वेमुळे समजला. एकेरी रुळावरून रात्रीचा प्रवास केलेल्याला वेगळं सांगायला नको. मानवत रोड किंवा सेलूसारख्या एखाद्या स्टेशनावर गाडी थांबते. पंख्याचा आवाज एकदम मोठा वाटायला लागतो. कुणीतरी खाली उतरून पुढं डोकावतं आणि परत येऊन सांगतं, “क्रॉसिंग हाय.” डबा निवांत होतो. समोरून दुसरी गाडी धाडधाड करत निघून जाते, खिडक्या हादरतात, आणि मिनिटाभरात आपलीही हलते. या थांब्याबद्दल कुणी कुरकुरत नाही, कारण दुसरी गाडी डोळ्यांनी दिसली. डोकं फिरतं ते वीस मिनिटं उभी राहिलेली गाडी, समोरून काहीही न जाता, तशीच पुढं निघते तेव्हा.

मालिकेचा मधला भाग हा असा क्रॉसिंगचा थांबा असतो. गोष्टीत दोन-तीन धागे एकाच रुळावरून धावत असतात: नायकाचा, खलनायकाचा, आणि तिकडे कुठंतरी बिघडत चाललेल्या एखाद्या यंत्राचा. एकाला पुढे सोडायचं तर दुसऱ्याला थांबवावंच लागतं. म्हणून थांबा हा दोष नाही. थांब्यात दुसरी गाडी गेली का, एवढं बघायचं.

घडणं वेगळं, बदलणं वेगळं

“काहीच होईना” असं भाचा म्हणाला, तेव्हा पडद्यावर खरं तर बरंच काही होत होतं. पाठलाग होता, एक छोटा स्फोट होता, दोघांचं भांडण होतं. मग त्याला कंटाळा कशाचा आला?

याचं सगळ्यात जुनं आणि स्वच्छ उदाहरण ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेत सापडतं. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली ही मालिका. काळातून आणि अवकाशातून भटकणारा एक परग्रहवासी, ज्याला सगळे नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात, तो तिचा नायक. जुन्या काळात भाग साधारण २५ मिनिटांचे असत आणि एक गोष्ट बहुधा चार किंवा सहा भाग चाले. सहा भागांची गोष्ट असली की मधल्या भागांत हमखास एकच खेळ: डॉक्टरला पकडतात, कोठडीत टाकतात, तो सुटतो, लांबलचक बोळकांडीतून पळतो, वळणावर पुन्हा पकडला जातो. भाग संपताना सगळे होते तिथेच. घामाघूम झालेले, पण तिथेच.

यामागे पैशाचं साधं गणित होतं. परग्रहाचा सेट एकदा उभा केला की तो चार भागांऐवजी सहा भागांत वापरला तर प्रत्येक भागाला स्वस्त पडतो. सत्तरचं दशक संपता संपता या सहा भागांच्या गोष्टी जवळपास बंदच झाल्या, आणि फार कुणी हळहळलं नाही.

म्हणजे घटना मोजून उपयोग नाही. पकडलं जाणं ही घटना आहे. पण पकडलं गेल्यावर सोबत्याने घाबरून गुपित फोडलं, आणि आता सुटका झाली तरी ते गुपित परत पोटात घालता येत नाही, हा बदल आहे. भाग संपला की पात्रांना आदल्या भागाच्या शेवटाकडे परत जाता येत असेल, तर तो भाग रिकामा उभा राहिलेला थांबा.

विज्ञानकथेलाच हे दुखणं जास्त का?

आमच्या आईची संध्याकाळची मालिका कित्येक वर्षं चालू आहे. ती आठ दिवस मावशीकडे नांदेडला जाऊन येते आणि पाच मिनिटांत पुन्हा गोष्टीत शिरते. रोजच्या मालिकेची बांधणीच तशी असते. चार भाग बुडाले तरी बाईमाणसाचा धागा तुटू नये. शिवाय सासू काय चीज असते, दागिन्यांचा डबा कुलपात का ठेवतात, वाटणीचा कागद म्हणजे काय, हे आईला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ते नियम ती घरूनच घेऊन येते.

विज्ञानकथेच्या लेखकाला ही सवलत नाही. त्याच्या जगातलं दार कशाने उघडतं, भूतकाळात जाऊन काही बदललं तर आजचं काय होतं, तो परग्रहवासी कशाला भितो, हे सगळं त्यालाच सांगावं लागतं. आणि शेवटाच्या आधी सांगावं लागतं, नाहीतर शेवटी नायक वाचतो तेव्हा आपण म्हणतो, “हे आत्ता कुठून काढलं?” पहिल्या भागात सगळं सांगितलं तर प्रेक्षक पळतो. शेवटच्या भागात सांगायला वेळ नसतो. मग नियमांची सगळी पोती मधल्या भागात उतरतात, आणि दोन माणसं यंत्रासमोर उभी राहून एकमेकांना ते सांगतात जे दोघांनाही आधीपासून ठाऊक असतं.

नियम सांगण्याची योग्य वेळ कोणती? गावच्या मैदानावर कबड्डी चालू आहे आणि शेजारी पहिल्यांदाच आलेली आत्या बसली आहे. सामना सुरू होण्याआधी तुम्ही तिला लोण म्हणजे काय ते सांगायला बसलात तर ती जांभई देईल. पण एका बाजूचा शेवटचा एकटा गडी उरलेला असताना तिच्या कानात सांगितलं, “हा बाद झाला की अख्खा संघ बाद, वर दोन गुण जास्तीचे,” तर ती पुढं सरकून बसेल. नियम तोच. फक्त आता त्यावर काहीतरी टांगलेलं आहे.

भागांची संख्या आणि कालव्याचं पाणी

जायकवाडीच्या कालव्यावर शेत असलेला माणूस पहिल्यांदा काय विचारतो? पुढचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी? तारीख ठाऊक असेल तर तो बेधडक भरणं करतो. तारीखच नसेल तर हात आखडता घेतो, एक वाफा आज, एक परवा, आणि पीक जेमतेम तग धरून राहतं.

शेवट कधी करायचा आहे हेच माहीत नसलेला लेखक नेमका असाच वागतो. ‘लॉस्ट’ या अमेरिकी मालिकेचं उदाहरण यासाठी पाठ करून ठेवण्यासारखं आहे. २००४ मध्ये ती सुरू झाली: विमान कोसळतं, वाचलेले प्रवासी एका गूढ बेटावर अडकतात. लोकांनी डोक्यावर घेतली, त्यामुळे वाहिनीला ती थांबवायची नव्हती. मग तिसऱ्या सीझनमध्ये, २००७ च्या सुरुवातीला, एक भाग आला ज्यात बराच वेळ नायकाच्या दंडावरचं गोंदण कुठून आलं हे सांगण्यात जातो. हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात वाहिनीने आणि निर्मात्यांनी जाहीर केलं की मालिका २०१० मध्ये संपणार, आणि ती संपलीही. आवर्तनाची तारीख मिळाली. त्यानंतर लगेच, तिसऱ्या सीझनच्या शेवटापासूनच, गोष्टीला धार आलेली दिसते. शेवट पटला की नाही हा वाद वेगळा, तो अजून मिटलेला नाही.

उलटंही होतं. ‘बॅबिलॉन ५’ ही नव्वदच्या दशकातली मालिका पाच वर्षांचा आराखडा ठरवून लिहिलेली होती. चौथ्या वर्षी ती बंद पडणार अशी लक्षणं दिसली, म्हणून पाचव्या वर्षाचा बराच ऐवज चौथ्यातच कोंबला गेला. आणि मग पाचवं वर्षही मिळालं! आधी भरलं ताट घाईघाईत संपवलेलं, मग दुसऱ्या पंगतीला वाढायला भाजी कमी.

एक मधला भाग उघडून पाहू

आता जरा जवळून. ‘डॉक्टर हू’च्याच २०१७ च्या सीझनमध्ये तीन भागांची एक गोष्ट आहे. तिचा मधला भाग २७ मे २०१७ रोजी दाखवला गेला, नाव ‘द पिरॅमिड ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड’. ज्यांना तो पाहायचा आहे त्यांनी हा तुकडा सोडून पुढं जावं.

अमेरिका, रशिया आणि चीन या तिघांच्या फौजा समोरासमोर उभ्या असलेल्या एका युद्धभूमीवर एका रात्रीत पाच हजार वर्षं जुना पिरॅमिड उगवतो. आतले परग्रहवासी भिक्षू सांगतात: तुमची पृथ्वी लवकरच मरणार आहे, आम्ही वाचवतो, पण आधी तुम्ही मनापासून संमती द्या. कल्पना म्हणून तिन्ही भागांत मला हीच सगळ्यात भारी वाटते. सातबारा स्वतःहून नावावर करून द्यायला सांगणारा सावकार!

मग संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख संमती देतात. भिक्षू म्हणतात, ही भीतीपोटी आहे, चालणार नाही. त्यांची राख होते. पुढे तिन्ही सेनाधिकारी संमती देतात. ही डावपेच म्हणून आहे, चालणार नाही. त्यांचीही राख. शेवटी डॉक्टरची सोबती बिल संमती देते, प्रेमापोटी, आणि ती चालते. भीती, डावपेच, प्रेम: कागदावर ही तीन पायऱ्यांची सुंदर शिडी आहे. पडद्यावर मात्र पहिल्या दोन पायऱ्यांचा शेवट सारखाच, राख. प्रेक्षक त्या दोन म्हणून मोजत नाही, एकच मोजतो, आणि दुसरीच्या वेळी त्याचा हात रिमोटकडे जातो.

दुसरी अडचण अशी की जग ज्या अपघाताने बुडणार तो इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत होतो आहे, हे आपल्याला सुरुवातीपासून दाखवलेलं असतं. एकीचा चष्मा फुटलाय, दुसरा रात्रीच्या दारूने जड झालाय, आणि आकडा चुकतो. डॉक्टरला ही जागा फार उशिरा कळते. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याला उत्तर शोधणाऱ्या माणसाकडे बघत बसवायचं, तर त्या शोधात दुसरी काही मजा लागते. ती इथे कमी पडते.

पण शेवटची पाच मिनिटं बघा. डॉक्टर आंधळा झालेला असतो आणि ही गोष्ट त्याने बिलपासून लपवलेली असते. प्रयोगशाळेचं दार आकड्यांच्या कुलपाने बंद, आत तो, स्फोट काही क्षणांवर, आणि आकडे त्याला दिसत नाहीत. त्याची दृष्टी परत मिळावी म्हणून बिल अख्खी पृथ्वी भिक्षूंच्या हवाली करते. हा बदल. इथून मागे रस्ता नाही. दुसरी गाडी गेली, खिडक्या हादरल्या, फक्त स्टेशनात फार वेळ उभं राहिल्यावर गेली. मला विचाराल तर तो आंधळेपणाचा खोटेपणा अर्ध्या भागातच बिलला कळायला हवा होता. मग उरलेला वेळ त्या दोघांमधल्या ताणावर भरला असता, राखेची दुसरी ढिगारी लागली नसती.

“आपलाच धीर संपलाय, मालिकांना कशाला बोलता?”

हा आक्षेप माझा एक शिक्षक मित्र घेतो आणि त्यात तथ्य आहे. अर्ध्या मिनिटाच्या रिळांवर पोसलेल्या डोळ्यांना पाऊण तास लांबच वाटणार. पण हाच भाचा गावच्या सप्ताहात दोन-अडीच तास कीर्तनात मांडी न मोडता बसतो, हे मी पाहिलंय. धीर आहे त्याच्याकडे. तो उधार द्यायला मात्र तयार नाही.

शिवाय कधीकधी भाग चांगला असतो आणि जागा चुकते. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या अमेरिकी मालिकेचा दुसरा सीझन ऑक्टोबर २०१७ मध्ये आला. त्याच्या सहाव्या भागाच्या शेवटी प्रयोगशाळेत खालून हिंस्र प्राणी चढून येतायत, आपली बरीच माणसं आत अडकलीत. आणि सातवा भाग हे सगळं तिथंच सोडून इलेव्हन या मुलीबरोबर थेट शिकागोला जातो! तिथे तिला प्रयोगशाळेतलीच तिच्यासारखी एक मुलगी भेटते, राग हत्यारासारखा कसा वापरायचा ते शिकवते. लोकांनी या भागाला इतकी नावं ठेवली की बिचाऱ्याची कीव यावी. खरं तर ते प्राणी ज्या दुसऱ्या जगातून येतात त्याचं दार शेवटी इलेव्हन बंद करते ते या शिकवणीच्याच जोरावर. म्हणजे दुसरी गाडी गेली, नक्की गेली. पण आपली गाडी पुलाच्या मधोमध उभी करून जाऊ दिली. दोन भाग आधी हाच तुकडा आला असता तर कुणी ब्र काढला नसता, असं माझं मत. भाच्याला ते मान्य नाही. त्याच्या मते शिकागो कुठंही ठेवा, शिकागोच राहणार.

आणि भाग आठवड्याला एक येतो की एकदम सगळे, यानेही फरक पडतो. एकट्या मधल्या भागावर आठ दिवस काढायचे म्हणजे नुसत्या ठेच्यावर जेवण. सगळे भाग एकदम आले तर तो दोन घासांमधे निभावून जातो.

संथ असणं आणि रेंगाळणं

शेवटी ज्या मालिकेच्या तिसऱ्या भागापासून आमचा वाद सुरू झाला तिच्यापाशी येतो. ती ‘अँडॉर’, ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातली, पहिला सीझन २०२२ चा, बारा भाग. हिची दुसरी फेरी २०२५ मध्ये आली तेव्हा दर आठवड्याला तीन-तीन भाग सोडले गेले, प्रत्येक तीन भागांत एका वर्षाची गोष्ट. म्हणजे मधल्या भागाला एकटं सोडलंच नाही. शहाणपणाचं काम.

पहिल्या सीझनमध्ये चौथा ते सहावा भाग मिळून एका चोरीची गोष्ट आहे. साम्राज्याच्या फौजेचा पगार एका धरणाच्या पोटातल्या ठाण्यात ठेवलेला, आणि मूठभर बंडखोर तो लुटायला निघालेत. चौथ्यात बेत कळतो, सहाव्यात चोरी होते. पाचव्यात? पाचव्यात डोंगरात तळ ठोकलेला आहे, दूध काढलं जातंय, कवायतीचा सराव चाललाय. भाच्याने तो भाग निम्म्याहून जास्त पळवला.

त्यात एक जागा आहे. स्कीन नावाचा एक संशयी गडी नव्या आलेल्या कॅसियनवर, म्हणजे मालिकेच्या नायकावर, डोळा ठेवून असतो. मग एकदा तो आपल्या भावाबद्दल बोलतो. भाऊ शेतकरी होता, मिऱ्यांची झाडं लावलेली. साम्राज्याच्या अधिकाऱ्याने ती जमीन पाण्याखाली घातली. भावाने जीव दिला. बस, एवढंच. मागे संगीत चढत नाही, कुणी डोळे पुसत नाही. जायकवाडीत बुडालेल्या गावांची नावं आजीच्या तोंडून ऐकलेल्या माणसाला त्या जागी पडद्यावरचा परग्रह दिसेनासा होतो. मी तेव्हापासून स्कीनच्या बाजूचा झालो.

दुसऱ्या रात्री सहावा भाग लावला. चोरी झाली, धावपळ झाली, आकाशात उल्कांचा पाऊस पडला. भाचा खूश. मग लूट घेऊन निसटल्यावर स्कीन कॅसियनला हळूच म्हणतो की हा पैसा आपण दोघंच वाटून घेऊ. आणि भावाचं काय? भाऊ नाहीच, तो म्हणतो. कधी नव्हताच.

मी सोफ्यावरून पुढं सरकलो. भाच्याने माझ्याकडे पाहिलं.

“कुठला भाऊ, मामा?”